हक्कसोड पत्र आणि प्रभूचं मेज

आदरणीय ताई, सलाम.

माझं माहेर मेकोसाबागेत. पप्पा मोतीबागला रेल्वेत होते. रिटायर झाल्यावर मिळालेल्या पैशातून त्यांनी प्लॉट घेऊन घर बांधलं. ते जाऊन बारा वर्षं झाली, मम्मी मागच्या पावसाळ्यात गेली. आम्ही तिघं भावंडं. दादा त्याच घरात राहतो, धाकटा पिंपरीला असतो, मी लग्न होऊन मानकापूरला. मम्मी शेवटची तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती. दादा-वहिनी दोघंही नोकरीवर जायचे, म्हणून रोज दुपारी मी जायची. तिला पुसायचं, कूस बदलायची, पाठीच्या जखमा धुवायच्या.

आता बिल्डर आला आहे. दादाने हक्कसोड पत्र आणून दिलं. “नाताळच्या आधी रजिस्ट्री करून टाकू, तू फक्त सही कर,” म्हणतो. धाकट्याचं आणि त्याचं काय ठरलं, मला माहीत नाही. मी म्हटलं थोडा विचार करते, तर रविवारी उपासनेनंतर चर्चच्या आवारातच पाळकसाहेबांसमोर म्हणाला, “काऊन अडून बसली? पप्पांनी लग्नात दिलं ना सगळं. विश्वासणाऱ्या बाईनं पैशाच्या मागं लागू नाही. बंडी मागितली तर अंगरखाही दे, असं प्रभूच सांगतो.” पाळकसाहेब म्हणाले, “बहीणबाई, क्षमा करा, सोडून द्या. घराण्याची साक्ष जाते.” मम्मीच्या वहीतलं एक पानही दादा दाखवतो. तिच्याच अक्षरात आहे, “घर मोठ्याकडे राहू द्या, बाईला काहीतरी द्या.”

माझी मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मुलगा बारावीला. मिस्टर म्हणतात, तुझ्या माहेरचं तू ठरव. सही केली तर मन खात राहील, नाही केली तर भाऊ तुटेल. दोन महिन्यांपासून प्रभुभोजनाच्या वेळी भाकर-द्राक्षरस घ्यायला पुढे न जाता मी बाकावरच बसून राहते. मी लोभी झाले का?

— एक बहीण, नागपूर

प्रिय बहीण, सप्रेम सलाम.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तोच तुम्हाला आतून पोखरतो आहे. नाही, तुम्ही लोभी झालेल्या नाहीत. तुम्ही अजून काही मागितलेलंही नाही, फक्त विचार करायला वेळ मागितला. आईवडिलांच्या घराच्या कागदावर सही करण्याआधी बहिणीने चार दिवस मागावेत, यात पाप शोधायला जागा नाही.

दुसरी गोष्ट लगेच सांगते. सध्या कुठल्याही कागदावर सही करू नका. हक्कसोड पत्रावर नाहीच, पण संमतीपत्र, ना-हरकत, मुखत्यारपत्र, कोरा स्टॅम्प पेपर किंवा “बिल्डरला नुसतं दाखवायला” म्हणून पुढे केलेला कागद, यांवरही नाही. घराचा हक्क सोडण्याचा कागद नोंदणी कार्यालयात नोंदवावा लागतो. एकदा तो नोंदवला गेला की तो परत फिरवायचा म्हणजे दबाव होता किंवा फसवणूक झाली, हे दिवाणी कोर्टात सिद्ध करत वर्षं घालवायची. आज थांबल्याने कुणाचंही कायमचं नुकसान होत नाही, घाईत सही केली तर होऊ शकतं.

आता तुमचा हक्क नेमका किती, ते समजून घ्या. आपल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, चांगली शिकलेली माणसंही याबाबत अंधारात असतात. शेजारच्या घरात जो कायदा ऐकला तोच आपल्याला लागू, असं धरून चालतात. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या मालमत्तेची वाटणी १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे होते. त्यात वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित असा भेद नाही आणि मुलगा-मुलगी असाही भेद नाही. मागे विधवा आणि मुलं असतील, तर एक तृतीयांश विधवेला आणि उरलेले दोन तृतीयांश सगळ्या मुलांमध्ये सारखे. पप्पांचं मृत्युपत्र असल्याचं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून ते नाही असं धरते. पप्पा गेले त्या दिवशी घराचे नऊ भाग मनात धरा. त्यातले तीन मम्मीचे झाले, आणि तुम्हा तिघांचे दोन-दोन. पुढे मम्मी गेली, तिचे तीन भाग तिघांत एकेक आले. म्हणजे आज त्या घरात तुमचे तीन, दादाचे तीन, धाकट्याचे तीन. आखीव पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डवर, अजून पप्पांचंच नाव असलं, तरी हिशेब बदलत नाही.

दादालाही हे माहीत असणार. बिल्डरला तुमची सही लागते आहे ती याच कारणाने. तुमचा वाटा नसता, तर तुमच्याकडे कागद घेऊन कुणी आलंच नसतं. हे मी भावाविरुद्ध तुमचं मन कडू करायला लिहीत नाही. तुम्ही स्वतःला मागणारी समजता आहात, आणि इथे तुमच्याकडे मागितलं जातं आहे, एवढं तुमच्या ध्यानात यावं म्हणून लिहिते.

लग्नात दिलेल्याचं काय? वडिलांनी हयातीत मुलाला किंवा मुलीला जे दिलं, लग्नाचं सोनं असो, कॉलेजची फी असो, धंद्याला भांडवल असो, ते वाटणीच्या वेळी वजा करायचं नाही, असं याच कायद्याचं ४९ वं कलम सांगतं. तुमचं सोनं मोजायचं म्हटलं तर भावांच्या शिक्षणाचा खर्चही मोजावा लागेल. कायद्याने दोन्ही बाजूला ठेवलं आहे, आणि मला ते शहाणपणाचं वाटतं.

मम्मीच्या वहीतल्या पानावर मी जरा थांबते, कारण त्या पानाने तुम्हाला सगळ्यात जास्त अडवलं असणार. आईचं अक्षर आहे म्हटल्यावर हात थरथरतो. कायद्याच्या नजरेतून बघितलं तर मृत्युपत्राला लिहिणाऱ्याची सही लागते आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. वहीतल्या सुट्या पानावर हे नसेल, तर ते मृत्युपत्र नाही. समजा असतं, तरी मम्मी फक्त स्वतःचा एक तृतीयांश देऊ शकत होती. पप्पांकडून थेट तुमच्याकडे आलेले दोन भाग तिच्या हातात नव्हतेच. ते पान अगदी पक्कं मृत्युपत्र ठरलं असतं आणि तिचा सगळा वाटा दादाला गेला असता, तरीही नवातले दोन भाग तुमचेच राहिले असते.

हे झालं कायद्याचं. पण लेक म्हणून तुम्ही ते पान मोडीत काढावं, असं मी सांगणार नाही. अंथरुणावरच्या बाईने कधीतरी पेन हातात घेऊन ते लिहिलं. ज्याच्या छताखाली ती झोपत होती त्याचं छत टिकावं, असं तिला वाटलं. आणि त्याच ओळीत तिला तुमचीही आठवण झाली. तिची ही इच्छा बोलणीत जरूर धरा. दादाला घर किंवा नव्या बिल्डिंगमधला फ्लॅट हवा असेल तर त्याला प्राधान्य द्या. आईच्या इच्छेचा मान एवढ्याने राहतो. “काहीतरी” म्हणजे किती, ते मात्र दादाने एकट्याने ठरवायचं नाही.

दादाची बाजूही बघू. तो त्या घरात राहिला. टॅक्स भरला असेल, पावसाळ्यात गळणारी गच्ची दुरुस्त केली असेल, वर खोली काढली असेल. दुपारी तुम्ही होतात, पण रात्री मम्मीने हाक मारली की वहिनी उठत असतील. हे तुम्ही स्वतःहून बोलून दाखवा. वरची खोली त्याच्या पगारातून झाली असेल तर तो खर्च आधी बाजूला काढून मग वाटणी करा. ते न्याय्य आहे आणि त्याने त्याचं मन बरंच नरम होईल. तुम्ही केलेल्या सेवेचा हिशेब मात्र या बोलण्यात आणू नका. तुमचा वाटा तुम्ही मम्मीच्या जखमा धुतल्या म्हणून नाही, त्यांच्या पोटी जन्मलात म्हणून आहे. सेवा वाट्याच्या बदल्यात मांडली की तिची मजुरी होते, आणि उद्या वहिनींच्या जागरणाचीही होईल.

आता वचनांकडे येते. चर्चच्या आवारात तुम्हाला गप्प करण्यासाठी वचन वापरलं गेलं, त्याचं मला फार वाईट वाटलं.

बायबलमधला प्रेषितांच्या कृत्यांचा पाचवा अध्याय काढा. हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोने मालमत्ता विकली, काही पैसे मागे ठेवले आणि सगळेच आणल्यासारखे दाखवून उरलेले प्रेषितांच्या पायाशी ठेवले. आपल्याकडे ही गोष्ट संडे स्कूलमध्ये पैसे मागे ठेवण्याचं पाप म्हणून शिकवली जाते. पण प्रेषितांतला पेत्र हनन्याला काय विचारतो ते नीट वाचा. मालमत्ता तुझ्याकडे होती तेव्हा ती तुझीच होती ना? विकल्यावरही ते पैसे तुझ्याच स्वाधीन होते ना? त्या पहिल्या मंडळीत माणसं घरं-शेतं विकून गरजवंतांना वाटत होती, आणि तिथेही पेत्र म्हणतो की देणं तुझ्या हातात होतं, तुझ्यावर सक्ती नव्हती. हनन्याचा दोष खोटं बोलण्याचा. जे मनात नव्हतं ते त्याने देवासमोर आहे म्हणून दाखवलं.

आता दादाने आणलेला कागद पुन्हा वाचा. अशा पत्रात बहुतेक वेळा एक ओळ असते: मी हा हक्क स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय सोडत आहे. बहीण, आज ही ओळ तुमच्या बाबतीत खरी आहे का? नसेल, तर सही करणं म्हणजे खोट्याखाली नाव लिहिणं. ते प्रेमाखातर लिहिलं तरी खोटंच राहतं. तुम्ही लिहिता, “सही केली तर मन खात राहील.” ते मन लोभाचं आहे असं तुम्हाला सांगितलं गेलं. मला तर ते खोटं लिहायला नकार देणारं मन वाटतं. त्याला दाबू नका.

बंडी आणि अंगरख्याचं वचन मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे. ज्याच्याकडून बंडी घेतली जाते आहे त्याला प्रभू ते सांगतो, की तू घेणाऱ्याच्या पुढे एक पाऊल जा आणि मोकळा हो. ती वाट तुम्ही एखाद्या रात्री गुडघ्यावर असताना स्वतः निवडलीत तर ती पवित्र आहे. बंडी ओढणाऱ्याने ते वचन वाचून दाखवायचं नसतं. दादाला ते तुमच्यासमोर म्हणताना अवघडल्यासारखं झालं नाही, याची मला काळजी वाटते, आणि त्याच्यासाठी प्रार्थना करावीशी वाटते.

ख्रिस्ती माणसांनी कोर्टात जाऊ नये, हेही कुणीतरी तुम्हाला ऐकवेल. करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय दाखवतील. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे म्हणतो खरं, की त्यापेक्षा अन्याय का सोसून घेत नाही? पण त्याचा श्वास तिथे थांबत नाही. लगेच पुढे तो म्हणतो की तुम्हीच अन्याय करता, तुम्हीच लुबाडता, आणि तेही आपल्या बंधूंना. सोसणाऱ्याला एक वाक्य आहे आणि करणाऱ्याला दुसरं. आणि त्याआधी तो मंडळीला विचारतो की भावाभावांमध्ये निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का? म्हणजे घरातला तंटा नीट ऐकून सोडवणं हे मंडळीचं काम आहे. तुमच्या पाळकसाहेबांनी दोन्ही बाजू न ऐकता “सोडून द्या” म्हटलं. त्यांचा हेतू चांगला असेल, भांडण वाढू नये असं त्यांना वाटलं असेल. पण त्यांच्या शब्दाने ज्याची बाजू आधीच भारी होती तीच आणखी भारी झाली. त्यांना एकांतात, आदराने भेटून हे सांगा. पाळकाला असं सांगणं उद्धटपणा नाही.

मुलींच्या वाट्याबद्दल शास्त्रात काहीच नाही, असं समजू नका. गणना या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली येतात, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. दर्शनमंडपाच्या दाराशी, मोशे, याजक, सरदार आणि सगळ्या मंडळीच्या समोर उभ्या राहून त्या म्हणतात की आमच्या बापाच्या भाऊबंदांबरोबर आम्हालाही वतन द्या. मोशे तो वाद परमेश्वरापुढे नेतो, आणि परमेश्वर म्हणतो, या मुली बरोबर बोलतात. त्यांना भाऊ नव्हता, तुम्हाला दोन आहेत, हे खरं. मग ईयोबाचा शेवटचा अध्याय बघा. सगळं गमावून पुन्हा मिळालेल्या त्या बापाने यमीमा, कसीया आणि केरेन-हप्पूक या आपल्या मुलींना त्यांच्या भावांच्या बरोबरीने वतन दिलं. ईयोबाच्या सहनशीलतेवर मी कितीतरी प्रवचनं ऐकली, या वचनावर क्वचितच.

आपल्या देशातही एका ख्रिस्ती बहिणीने हे करून दाखवलं आहे. केरळच्या त्रावणकोर भागात १९१६ च्या जुन्या कायद्याने ख्रिस्ती मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा ५००० रुपये, यातलं जे कमी असेल तेवढंच मिळायचं. मेरी रॉय यांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने तिथेही १९२५ चाच कायदा लागू होतो असा निकाल दिला. आपल्या नागपुरात ख्रिस्ती मुलीला हे भांडण करावं लागलं नाही, कायदा आधीपासून तिच्या बाजूचा आहे. आडवी येते ती घरातली रीत.

क्षमेबद्दल एवढंच सांगते. क्षमा आणि सही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आवारात चारचौघांत तुम्हाला बोलला, त्याबद्दल दादाला आजच क्षमा करा. त्यासाठी कुठलाही कागद लागत नाही आणि त्याने माफी मागण्याची वाटही बघायला नको. वाटणीचं बोलणं क्षमा केल्यानंतरही करता येतं. किंबहुना तेव्हाच ते नीट होतं.

आणि येत्या प्रभुभोजनाला उठून पुढे जा. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात वेदीपाशी दान ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलं आहे, त्यामुळे तुम्ही स्वतःला अडवून ठेवलं असेल. पण तिथे समेट म्हणजे जाणं, बोलणं, आपल्याकडून झालेलं मान्य करणं. भाऊ म्हणेल ते सगळं कबूल करणं, असं तिथे लिहिलेलं नाही. तुम्ही बोलायला तयार आहात, दार तुमच्या बाजूने बंद नाही. मग बाकावर कशाला बसायचं? भाकर आणि द्राक्षरस पूर्ण शहाण्यासुरत्या, सगळे वाद मिटलेल्या लोकांसाठी ठेवलेला नाही. उलट या दिवसांत तुम्हाला त्याची जास्त गरज आहे.

आता बोलायचं कसं. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने क्रम घालून दिला आहे, तोच धरा. आधी एकटीने, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. दादाने एकदम शेवटच्या पायरीवरून सुरुवात केली, तुम्ही पहिल्यापासून करा. व्हॉट्सअॅपच्या फॅमिली ग्रुपवर यातलं एक अक्षर टाकू नका. रविवारचा दिवसही टाळा. एखाद्या शनिवारी संध्याकाळी मेकोसाबागेत जा, वहिनींच्या हातचा चहा घ्या आणि सरळ म्हणा, “दादा, मी सही नाही म्हणत नाही. पण मला पूर्ण माहिती पाहिजे. बिल्डर किती देतो, कोणाला काय देतो, त्याचा कागद दाखव. तू घरावर जो खर्च केला तो मांड, मी मान्य करीन. मग आपण तिघं बसू.” आवाज चढला तर “मी पुन्हा येते” म्हणून उठा. पुन्हा जा.

त्याआधी पिंपरीला फोन करा. धाकट्याशी तुमचं थेट बोलणं झालेलं दिसत नाही, आणि हीच गोष्ट मला तुमच्या पत्रात खटकली. त्याने वाटा सोडला आहे, की त्याला काही मिळणार आहे, की त्यालाही तुमच्याबद्दल काही वेगळंच सांगितलं गेलं आहे? त्याच्याकडे बोट दाखवू नका, फक्त विचारा. कधी कधी अर्धा गैरसमज तिथेच संपतो. तोवर आखीव पत्रिकेची ताजी नक्कल काढून ठेवा, पप्पांचा आणि मम्मीचा मृत्यूचा दाखला जवळ ठेवा. प्लॉट नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यासचा) असेल किंवा नझूलचा, म्हणजे सरकारी जमिनीवरचा, असेल, तर लीजचे कागदही बघून घ्या, कारण त्यावर पुढची प्रक्रिया ठरते.

एकटीने जाऊन जमलं नाही, तर मंडळीतली दोन वडीलधारी माणसं घ्या, एक दादाच्या पसंतीचं, एक तुमच्या. ठरलं ते लिहून काढा. भावाबहिणीत कागद कशाला, असं कुणी म्हणेल. याच नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्याची बोलणी १९२९ पासून सुरू होती, आणि एकीची योजना कलमाकलमाने लिहिली, दुरुस्त केली, पुन्हा लिहिली गेली. ज्यांना खरंच एकत्र राहायचं असतं ते लिहायला घाबरत नाहीत.

मार्ग बरेच निघतील. विक्रीच्या पैशाचे तीन वाटे होतील, किंवा दादा फ्लॅट ठेवून तुमचा वाटा हप्त्यांनी देईल आणि पहिला हप्ता मुलीच्या फीच्या तारखेला धरता येईल. किंवा सगळं समजून घेतल्यावर, सगळे आकडे समोर असताना, तुम्हाला आतून वाटेल की मला कमी चालेल, किंवा काहीच नको. तसं वाटलं तर आनंदाने द्या, मी तुम्हाला अडवणार नाही. तेव्हा त्या पत्रातली स्वखुशीची ओळ खरी असेल. फक्त काही रक्कम घेणार असाल तर पत्रात खरा आकडा लिहून घ्या, आणि सही करण्याआधी मिस्टरांना नि मुलांना सांगा. “तुझं तू ठरव” म्हणणाऱ्या नवऱ्यालाही ठरवलेलं कळलं पाहिजे.

आणि दादा काहीच ऐकायला तयार नसेल तर? तर सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे जा. १९८७ च्या कायद्याने बाईला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दावा न टाकताही ते दोन्ही बाजूंना बोलावून समझोता करून देऊ शकतात, आणि लोकअदालतीत झालेला समझोता कोर्टाच्या हुकुमाइतकाच बांधील असतो. तिथे पाऊल टाकलं म्हणून विश्वास सोडला असं होत नाही. पौलानेही आपला न्याय होत नाही असं दिसल्यावर कैसराजवळ, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागितली होती. भाऊ तुटेल ही तुमची भीती मी हलकी मानत नाही. काही दिवस बोलणं बंद होईल कदाचित. पण मनाविरुद्ध सही करून टिकवलेलं नातंही आतून तुटलेलंच असतं. प्रत्येक नाताळला तुम्ही त्याच्या घरी करंज्या घेऊन जाल, आणि मनात तो कागद असेल.

एक काम तुमच्या स्वतःच्या घरचं आहे. तुम्हाला एक मुलगी आहे, एक मुलगा आहे. दोघांना समोर बसवून वर लिहिलेला नऊ भागांचा हिशेब समजावून सांगा, मुलाला आधी. मग तुम्ही आणि मिस्टर आपापलं मृत्युपत्र करा. काय आहे ते लिहा, कुणाला किती ते लिहा, सही करा, आणि दोन साक्षीदार असे घ्या की ज्यांना किंवा ज्यांच्या नवऱ्याबायकोला त्यातलं काहीही मिळणार नाही, नाहीतर त्यांना दिलेलं रद्द ठरतं. नोंदणी सक्तीची नाही, पण करून घेतलेली बरी. मूळ प्रत कुठे ठेवली आहे, ते दोन्ही मुलांना माहीत असू द्या.